आमच्या घरी नसलेली कडबाकुट्टी

नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यात केस पेपरच्या खिडकीत बसून मला नऊ वर्षं झाली. नाव, वय, गाव, काय होतंय, आणि मार लागला असेल तर कशानं लागला. हा शेवटचा प्रश्न मी दोनदा विचारते. बाकीच्या खिडक्यांत एकदाच विचारतात, म्हणून माझ्या रांगेतले लोक कुरकुर करतात. शेजारच्या खिडकीतले सर मला 'फौजदारीणबाई' म्हणतात. म्हणू देत. जिन्यावरून पडले म्हणणारी बाई ज्या घरात राहते त्या घराला जिना असतोच असं नाही. मोटारसायकल घसरली म्हणणाऱ्याच्या केसांत कधीकधी ओलं सिमेंट असतं. खोटं सांगणारा माणूस मला लगेच ओळखू येतो, कारण एकदा मीही त्या खिडकीच्या पलीकडच्या बाजूला उभी होते. इतक्या सफाईनं खोटं बोलले होते की समोरच्या डॉक्टरांना जराही शंका आली नाही.

त्या खोट्याचं ओझं माझ्या वडिलांनी मरेपर्यंत वाहिलं. मी अजून वाहते आहे, पण माझं काय, मला दोन्ही हात आहेत.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. औशाच्या अलीकडं आमचं गाव. शेती म्हणावी एवढी शेती नव्हती, म्हणून लग्न झाल्यावर अण्णा लातूरला आले आणि एमआयडीसीतल्या एका डाळमिलमध्ये लागले. बावीस वर्षं एकच मिल. तूर भिजवायची, वाळवायची, रोलरवर घालायची. डाळ वेगळी, चुनी वेगळी, भुसकट वेगळं. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवरसुद्धा पिवळी धूळ असायची. माय त्यांना दारातच अंग झटकायला लावायची आणि शेजारणींना सांगायची की आमच्याकडं तूर विकत आणावी लागत नाही, ह्यांना झटकलं तरी दोन वेळचं वरण होतं. अण्णा हसायचे, आणि हसले की खोकायचे. त्या खोकल्याला आम्ही कधी आजार म्हटलं नाही. मिलमध्ये सगळेच खोकायचे.

मिलमधून अण्णांना विम्याचं एक कार्ड मिळालं होतं. त्यासाठी पगारातून दर महिन्याला काहीतरी कापलं जायचं. आमच्या लेखी ते खोकल्याच्या औषधाचं कार्ड होतं. छाती भरून आली की ते घेऊन विम्याच्या दवाखान्यात जायचं आणि लाल औषधाची बाटली आणायची, एवढाच त्याचा उपयोग आम्हाला माहीत होता. कामावर गेलेला हात, पाय, डोळा, जीव, हे सगळं त्याच कार्डात धरलेलं असतं हे अण्णांना कुणी सांगितलं नाही. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि स्वतःला फार शिकलेली समजत होते. पण ह्या कार्डावर आणखी काय काय मिळतं, असं मीही कधी कुणाला विचारलं नाही.

मार्चमधली दुपार होती. नवी तूर बाजारात आली होती आणि मिलला उसंत नव्हती. रोलर ज्या पट्ट्यावर फिरतो त्या पट्ट्यावर लोखंडी जाळी बसवलेली असते. जाळीत भुसकट अडकतं आणि ते काढायला मशीन थांबवावं लागतं. हंगामात मशीन थांबलेलं कुणाला परवडत नाही, म्हणून मुनीम म्हणाले, जाळी काढून ठेवा थोडे दिवस. अण्णांनी स्वतःच्या हातानं चार बोल्ट सोडवून ती भिंतीला टेकवून ठेवली. तिसऱ्या दिवशी पट्टा घसरायला लागला, त्याला राळ लावायला ते वाकले आणि सदऱ्याची बाही ओढली गेली. उजव्या हाताची चार बोटं आणि निम्मा तळवा गेला. अंगठा तेवढा राहिला.

मला कॉलेजात निरोप आला. टेंपोतून अण्णांना उतरवत होते तेव्हाच मी दवाखान्याच्या दारात पोचले. हाताला मिलमधलाच बारदाना गुंडाळला होता. सोबत मुनीम होते. ते आमच्याच गावचे, अण्णांना कामाला त्यांनीच लावलेलं. नात्यातले नव्हते तरी मी त्यांना काकाच म्हणायचे. बारावी पास झाले तेव्हा देवापुढं ठेवलेला पेढा उचलून आधी त्यांच्या घरी नेऊन दिला होता.

काकांनी मला भिंतीकडं नेलं. मिलमध्ये झालं असं सांगितलं तर पोलिस येणार, सरकारी इन्स्पेक्टर येणार, जाळी कुठंय विचारणार. जाळी कुणी काढली, तर तुझ्या बापानं. मग मिलला कुलूप लागणार, शेठ बुडणार, तीस-चाळीस घरांच्या चुली बंद पडणार. हे सगळं ते भराभर बोलत होते.

"बाई, तू शिकलेली हायस," ते म्हणाले. "घरी कडबाकुट्टीत हात गेला म्हण. फुडचं समदं शेठ बघतेत."

मी अण्णांकडं पाहिलं. ते पांढरे पडले होते, पण शुद्धीवर होते आणि ऐकत होते. त्यांनी मानेनं हो म्हटलं. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस, हात बारदान्यात असतानाही जागला.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी म्हटलं, कडबाकुट्टीत. कुणाच्या? आमच्याच, गावाकडं, औशाच्या अलीकडं. काय करत होते? म्हशीला वैरण टाकत होते. म्हशीचं मला काकांनी सांगितलं नव्हतं, ती मीच दावणीला बांधली. ज्वारीचा कडबा होता, हेही मीच सांगितलं. आमच्याकडं तेव्हा म्हैस नव्हती, शेळी नव्हती, गावाकडच्या घराला कुलूप होतं. वैरण कापायची ती कडबाकुट्टी मी जवळून पाहिली होती ती फक्त मामाच्या गावी. अण्णांच्या भुवयांवर मिलची पिवळी धूळ तशीच होती, ती कडब्याची म्हणून खपून गेली. डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं आणि खाली 'माहिती देणार: मुलगी' असं लिहून कागद माझ्यापुढं सरकवला. सही चांगली आली. सांगायला लाज वाटते, पण आपण घाबरलो नाही याचा मला त्या क्षणी थोडा अभिमानसुद्धा वाटला.

संध्याकाळी मायला कळलं. ती आधी अण्णांच्या पायाशी बसून रडली आणि मग माझ्याकडं वळली.

"उचलली जीभ लावली टाळ्याला," ती म्हणाली. "आपल्या दारात शेळी न्हाई, अन् तू म्हैस बांधलीस व्हय?"

शेठ वाईट माणूस असता तर मला फार सोपं गेलं असतं. तो वाईट नव्हता. ऑपरेशनचं सगळं त्यानं केलं, दोनदा स्वतः येऊन कॉटशी बसला, आणि अण्णा बरे झाल्यावर त्यांना गेटवर राखण करायला घेतलं. पट्ट्यावर नवी जाळी बसली, तिला पिवळा रंगही दिला. बैल गेला आणि झोपा केला, असं माय म्हणाली. अण्णा मात्र त्या जाळीचं कौतुक करायचे. लई भक्कम बसवली म्हणायचे.

गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहावे लागत. म्हणून अण्णा डाव्या हातानं लिहायला शिकले. मीच शिकवलं. दर रविवारी माझी जुनी वही घेऊन आम्ही दारात बसायचो. पन्नाशीला आलेला माणूस जीभ दातांत धरून अक्षरं काढायचा. 'ग' त्यांना लवकर जमला, 'ड' नेहमी पोटावर पडायचा. त्यांनी नीट लिहिलेला पहिला शब्द 'गाडी' होता. तो त्यांनी मायला नेऊन दाखवला. माय म्हणाली, आता नोकरी लागणार बघा तुम्हाला कचेरीत.

तीन वर्षांनी शेठनं मिल विकली. नव्या मालकांनी एजन्सीचे गार्ड आणले आणि अण्णा घरी बसले. मुनीमकाका तोवर मुलाकडं पुण्याला गेले होते. मला नांदेडला ही खिडकी मिळाली, कंत्राटी का होईना. दोन खोल्या भाड्यानं घेऊन मी दोघांना इकडं आणलं.

इथं आल्यावर दुसऱ्या वर्षी माझ्या खिडकीशी एक बाई आली. तिच्या नवऱ्याचा पाय कारखान्यात चेंगरला होता. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून विम्याचं कार्ड काढलं, अगदी अण्णांच्या कार्डासारखं, आणि मला म्हणाली, ताई, कामावर झालं असं ठळक लिहा. मी लिहिलं. ती गेल्यावर शेजारचे सर म्हणाले, हुशार आहे बाई, त्या एका ओळीवर नवऱ्याला जन्मभर दर महिन्याला विम्याकडून मिळत राहील. मी विचारलं, मालकाला भरावं लागतं का? ते म्हणाले, छे, मालकाचा काय संबंध, विमा कशासाठी असतो मग. मी विचारलं, आणि चूक कामगाराचीच असली तर? सर हसले. म्हणाले, चूक कुणाची हे तिथं कोण विचारतंय, काम करताना झालं ना, बस.

रांग मोठी होती. मी पुढच्या माणसाचं नाव विचारलं, त्यानं सांगितलं, आणि मला ते लिहिताच येईना. शेठच्या खिशातून काही जाणार नव्हतं. जाळी अण्णांनी काढली म्हणून त्यांचं काही अडणार नव्हतं. फार तर कुणी साहेब येऊन शेठला जाळीवरून बोलला असता. तीस-चाळीस चुली, मिलचं कुलूप, सगळी भीती बिनबुडाची होती, आणि त्या भीतीपायी मी अण्णांचं आयुष्यभराचं हक्काचं एका सहीत घालवलं होतं. त्या दिवशी जेवणाचा डबा मी न उघडताच घरी आणला.

अण्णा शेंगा फोडत बसले होते, अंगठ्यानं. मी सगळं सांगितलं. हातातली शेंग त्यांनी तशीच खाली ठेवली.

"म्हंजी शेठला काईच भुर्दंड नव्हता?"

मी म्हटलं, नव्हता.

"मंग कशाला बोललो आपुन?"

आपुन म्हणाले. तू म्हणाले नाहीत. त्यांनी तू म्हटलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला त्या दिवशी झोप लागली असती.

मी मागं लागून अर्ज केला. उशीर खूप झाला होता, पण उशिराचं कारण देऊन अर्ज करता येतो असं कळलं होतं. अण्णांचा विमा त्या महिन्यात चालू होता, याची नोंद विम्याच्या कचेरीत होतीच. मिलच्या कागदांत अपघाताचा उल्लेख कुठंच नव्हता. चौकशीसाठी आम्हाला लातूरला बोलावलं. बसमध्ये मी अण्णांना सारखं बजावत होते, घाबरू नका, जे झालं तेवढंच सांगा. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, खरं बोलायला बी शिकवावं लागतंय व्हय गं.

साहेब तरुण होते आणि चांगले होते. त्यांनी आधी अण्णांना पाणी दिलं, हात कसा झाला ते शांतपणे ऐकून घेतलं. मग फाईलमधून एक कागद काढून टेबलावर ठेवला. दवाखान्याचा जुना केस पेपर. कडबाकुट्टी, म्हैस, ज्वारीचा कडबा, सगळं होतं. खाली माझी सही, चांगली आलेली.

हे दवाखान्यात कुणी सांगितलं, असं त्यांनी अण्णांना विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता 'मुलगी' हा शब्द वाचून माझ्याकडं पाहिलं. तुम्ही काय करता, म्हणाले. मी म्हटलं, नांदेडला दवाखान्यात असते, केस पेपर लिहिते. ते खुर्चीत मागं टेकले. मग रागानं नाही, समजावल्यासारखंच म्हणाले की तेव्हा खोटं सांगितलं असं तुम्हाला आज सहीनिशी लिहून द्यावं लागेल. खोटी माहिती देणं हा गुन्हा असतो. आणि तुम्ही स्वतः अशा नोकरीत आहात, तेव्हा तुमच्या दवाखान्याला कळवायचं का, हे मला वरती विचारावं लागेल.

माझं कंत्राट त्याच महिन्यात पुढं चालू करायचं होतं. अण्णांना ते माहीत होतं. तरी मी सही करायची असं घरूनच ठरवून आले होते. मी पर्समधून पेन काढला होता, त्याचं टोपणही काढलं होतं.

"सायेब," अण्णा म्हणाले, "पोरीनं तवा सांगितलं त्येच खरं हाय. हात कुट्टीतच गेला. म्याच पैशाच्या आशेनं खोटा अर्ज केला."

मी म्हटलं, नाही साहेब. एवढं म्हटलं, आणि अण्णांनी त्यांचा तो अर्धा तळवा माझ्या मनगटावर ठेवला. अंगठा रुतवला. त्या अंगठ्यात फार जोर होता, इतकी वर्षं पाचांचं काम तो एकटा करत होता. मी पुढचं बोलले नाही.

साहेब आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मला वाटतं त्यांना सगळं समजलं होतं. पण समजलेलं फाईलमध्ये कसं लावणार? त्यांनी एक कोरा कागद दिला. अर्ज मागं घेतो, असं अण्णांनी त्यावर डाव्या हातानं लिहिलं, मी शिकवलेल्या अक्षरांत. सावकाश, एकही काना न चुकवता.

मी गप्प का बसले, हे मायनं विचारलं, शेजारच्या सरांनी विचारलं. अण्णांनी दाबलं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते निम्मं खरं आहे. निम्मं खरं नोकरीचं आहे. अंगठा मनगटावर रुतला तेव्हा मला दुखलं, आणि त्याच वेळी आत कुठंतरी सुटल्यासारखं झालं. ते सुटणं मला आठवतं आणि माझा मलाच संताप येतो.

बसस्टँडवर अण्णांनी चहा सांगितला. मी रडत होते. लोक बघत होते.

"एका कागदापायी दोघांचे हात कशाला तोडायचे?" ते म्हणाले. "पी, गार हूतोय."

त्यानंतर अण्णांसमोर घरात हा विषय निघाला नाही. अण्णांचा खोकला वाढत गेला. ते जिना चढेनात, मग दारापर्यंत जाईनात, मग बसल्याजागी धापा टाकायला लागले. मागच्या वर्षी त्यांना आमच्याच दवाखान्यात ठेवावं लागलं. त्यांचा केस पेपर मी माझ्या खिडकीत लिहिला. नाव, वय, गाव, काय होतंय. श्वास. पुढचा प्रश्न त्यात नव्हता, मार लागलेला नव्हता.

वॉर्डातले डॉक्टर अगदी नवे, पोरसवदा होते. बिडी ओढायचे का, त्यांनी विचारलं. कधीच नाही. मग धुळीत काम होतं का? मी म्हटलं, डाळमिलमध्ये, बावीस वर्षं. आणि मग मला थांबता आलं नाही. मी म्हटलं, हा हातसुद्धा तिथंच गेला, रोलरच्या पट्ट्यात. दवाखान्यात उभं राहून हे वाक्य मी पहिल्यांदा बोलत होते. अण्णांनी मास्कमागून डोळे उघडले. डॉक्टरांनी मान हलवली, काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या कॉटकडं गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी वर गेले. अण्णांनी डाव्या हातानं मास्क बाजूला केला.

"लिवलं का त्येनी? हाताचं?"

कागद मी सकाळीच पाहिला होता. डाळमिल लिहिलं होतं, धूळ लिहिलं होतं, बावीस वर्षं लिहिलं होतं. पट्ट्याचं काही नव्हतं. दम लागलेल्या माणसाच्या कागदात बोटांची गरजही नव्हती.

"हो अण्णा, लिहिलं," मी म्हटलं.

"नीट लिवलं?"

"नीट."

त्यांनी मास्क पुन्हा तोंडावर घेतला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या अंगठ्याला धरून थोडा वेळ बसले. डॉक्टर राउंडला आले की त्यांच्या हातापाया पडून एक ओळ लिहून घ्यायची, असं मी ठरवलं आणि खिडकीत जाऊन बसले. राउंड सहाला असतो. अण्णा साडेचारला गेले.